माशी ओळखावी कशी?



निसर्गनिरीक्षणाच्या तासास हल्ली तुमच्यापैकी अनेकजण कीटकांची छायाचित्रे घेऊन येतात. घरोघरी आलेल्या मोबाइलमुळे ही सोय झाली आहे. फुलपाखराचे चित्र असले, तर त्याचे नाव सांगणारा एखादा तरी विद्यार्थी वर्गात निघतो. माशीचे चित्र आले म्हणजे मात्र बहुधा दोनच उत्तरे ऐकू येतात : एक 'घरमाशी' आणि दुसरे 'मधमाशी'. वास्तविक पाहता शास्त्रज्ञांनी आजवर वर्णिलेल्या माश्या, डास व चिलटे ह्यांच्या जाती दीड लाखाच्या आसपास आहेत. त्यांपैकी कित्येक आपल्या भिवंडीत, आपल्या स्वयंपाकघरात, मंडईत, गोठ्यात व परसात रोज आढळतात. त्या एकमेकींसारख्या दिसतात खऱ्या. परंतु त्यांचे जन्मस्थान, अन्न, सवयी आणि त्यांच्यापासून होणारे नफानुकसान ही अगदी वेगवेगळी असतात. म्हणून सारख्या दिसणाऱ्या माश्या छायाचित्रावरून कशा ओळखाव्यात, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ओळखीची गरज

प्रथम असा प्रश्न येईल, की माशी ती माशी. तिचे नाव कळून लाभ काय? ह्याचे उत्तर आपल्या कोकणच्या आंब्यानेच दिले आहे. 2013 साली भारतातून युरोपीय संघाच्या देशांत गेलेल्या फळांच्या व भाज्यांच्या 207 मालखेपांत फळमाश्या व इतर उपद्रवी कीटक सापडले. परिणामी 1 मे 2014 पासून आंबा, वांगी, अळू, कारली व पडवळ ह्या पाच जिन्नसांस त्या देशांची बंदरे बंद झाली. ऐन हापूसच्या हंगामात ही बंदी आली, ह्यावरून बागाइतदारांची काय स्थिती झाली असेल त्याची कल्पना करावी. निर्यातीपूर्वीच्या तपासणीची व प्रक्रियेची व्यवस्था सुधारल्यावर 2015 च्या आरंभी आंब्यावरील बंदी उठविण्यात आली. फळाच्या आत दडलेली अळी कोणत्या माशीची, आणि ती माशी परदेशातील बागांस धोक्याची आहे किंवा नाही, ह्या एका प्रश्नावर हजारो कुटुंबांची वर्षाची कमाई अवलंबून होती. तेव्हा माशी ओळखणे हा केवळ रिकामपणाचा छंद समजू नये.

दुसरे कारण आरोग्याचे. अन्नावर बसणारी माशी, जनावरांचे रक्त पिणारी माशी आणि डोळ्यांच्या कडेला चिकटणारी माशी ह्यांचा बंदोबस्त एकाच उपायाने होत नाही. आणि तिसरे कारण असे, की काही माश्या आपल्या मित्र आहेत. त्यांस शत्रू समजून मारल्याने नुकसान आपलेच होते.

माशी म्हणजे काय?

बहुतेक उडणाऱ्या कीटकांस पंखांच्या दोन जोड्या, म्हणजे चार पंख असतात. माशीस मात्र दोनच पंख असतात. मागील जोडीच्या जागी तिला दोन बारीक दांड्या असून त्यांच्या टोकास गाठ असते. त्यांस 'संतोलक' म्हणतात. उडताना त्या वेगाने कंप पावतात, व शरीर कोणत्या बाजूस कलले ह्याची जाणीव माशीस त्यांच्या योगाने होते. ह्याच कारणाने माशी हवेत क्षणार्धात दिशा बदलू शकते. दोन पंख आणि दोन संतोलक ज्यास आहेत, तो कीटक द्विपंखी गणातील होय. डास व चिलटेही ह्याच गणात येतात.

माशीच्या शरीराचे तीन भाग ध्यानात ठेवावेत : डोके, वक्ष (म्हणजे पंख व पाय ज्यास जोडलेले असतात तो मधला भाग) आणि उदर. ओळख पटविण्याच्या बहुतेक खुणा पाच ठिकाणी सापडतात : वक्षाच्या पाठीवरील पट्टे, पंखांतील शिरा व डाग, उदरावरील नक्षी, तोंडाची ठेवण आणि डोक्यावरील शृंगिका, म्हणजे मिशा. एकंदर रंग व आकार ह्यांवर फारसा भरवसा ठेवू नये. रंग उजेडाप्रमाणे बदलतो, आणि अळीस अन्न कमी मिळाले तर त्याच जातीची माशी लहान निपजते.

आपल्या गावच्या व्यापाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. एकाच रंगाची दोन ठाणे लांबून सारखी दिसतात. परंतु जाणता मनुष्य कापडावर भिंग ठेवून एका इंचात ताण्याचे किती धागे व बाण्याचे किती, हे मोजतो, आणि मगच माल कोणता ते सांगतो. माशीच्या बाबतीतही रंग सोडून वीण पाहावयाची असते.

मधमाशीचे सोंग

झेंडूच्या अथवा कोथिंबिरीच्या फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक कीटक हवेत एका जागी स्थिर राहिलेला तुम्ही पाहिला असेल. मुले त्यास मधमाशी समजून दूर पळतात. बहुतेक वेळा ती सिरफिड नावाची माशी असते. तिला नांगी नसते. तिने केवळ मधमाशीचा किंवा गांधीलमाशीचा वेष घेतलेला असतो, म्हणजे पक्षी तिच्या वाटेस जात नाहीत.

छायाचित्रात ह्या दोघींतील भेद असा पाहावा. मधमाशीस चार पंख असतात. परंतु पुढचा व मागचा पंख उडताना एकमेकांत अडकत असल्यामुळे चित्रात ते दोनच भासण्याचा संभव असतो. म्हणून पंखांवरच न थांबता मिशा पाहाव्यात. मधमाशीच्या मिशा लांब व कोपरासारख्या मुडपलेल्या असतात. सिरफिड माशीच्या मिशा अगदी आखूड असतात. मधमाशीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस लांबट असतात. सिरफिडचे डोळे मोठे असून बहुतेक डोके व्यापून टाकतात. मधमाशीच्या मागच्या पायांवर पुष्कळदा परागाची गोळी दिसते. माशीच्या पायांवर तशी गोळी नसते. पंखाचे चित्र स्पष्ट असेल, तर सिरफिडच्या पंखाच्या मध्यभागी शिरेसारखी दिसणारी, पण कोठेही न जोडलेली एक रेघ आढळते. तिला 'खोटी शीर' म्हणतात, आणि ती सिरफिड कुलाची ठळक खूण आहे.

ह्या सोंगाने मोठमोठ्यांस फसविले आहे. मेलेल्या बैलाच्या कलेवरातून मधमाश्या उत्पन्न होतात, असा प्राचीन भूमध्य प्रदेशांतील लोकांचा समज होता. रोमन कवी व्हर्जिल ह्याच्या शेतीविषयक काव्याच्या चौथ्या भागातही त्याचे वर्णन आले आहे. पुढे अनेक शतके विद्वान हीच गोष्ट सांगत राहिले. 1894 साली ओस्टेन-झाकेन ह्या माश्यांच्या अभ्यासकाने असे प्रतिपादन केले, की कुजक्या द्रवात वाढणारी व मधमाशीसारखी दिसणारी एरिस्टॅलिस नावाची सिरफिड माशी लोकांनी पाहिली असावी, आणि तिलाच मधमाशी म्हटले असावे. पंख किती, एवढे कोणी मोजले असते, तर हा समज इतका काळ टिकता ना.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्या ओळखीचा लाभ मोठा आहे. कित्येक सिरफिड माश्यांच्या अळ्या पिकांवरील मावा खातात, व मोठ्या माश्या फुलाफुलांवर पराग नेतात. त्यांना पाहून औषध फवारणारा माळी आपल्याच राखणदारास मारतो.

घरातील व गोठ्यातील माश्या

आता करड्या रंगाच्या, साधारण सारख्या आकाराच्या चार माश्यांकडे वळू. ह्या चौघींसही लोक 'घरमाशी' म्हणतात.

पहिली खरी घरमाशी, मस्का डोमेस्टिका. हे नाव लिनिअस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1758 साली आपल्या ग्रंथात नमूद केले. तिच्या वक्षाच्या पाठीवर लांबीच्या दिशेने चार काळे पट्टे असतात. पंखाच्या टोकाकडे जाणारी मधली एक शीर एकदम कोनात वळून पुढील कडेकडे जाते. तिचे तोंड मऊ, खाली लोंबणारे व टोकाशी बोळ्यासारखे असते. त्यामुळे ती चावू शकत नाही. पातळ पदार्थ शोषून घेते, आणि घन पदार्थावर लाळ सोडून त्यास पातळ करते. शेण, उकिरडा व कुजका केरकचरा ह्यांत ती एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालते. उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण माशी होण्यास आठदहा दिवस पुरतात.

दुसरी मस्का सॉर्बेन्स. ही पहिलीची सख्खी बहीणच. परंतु हिच्या वक्षावर चारांऐवजी दोन रुंद काळे पट्टे असतात. ही मनुष्याच्या व जनावरांच्या डोळ्यांशी, नाकाशी व जखमांशी घोटाळते. डोळ्यांच्या खुपरीचा प्रसार करण्यात हिचा हात असतो. 2024 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील खुपरी सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपुष्टात आल्याचे जाहीर केले. तरी लहान मुलांची तोंडे स्वच्छ धुण्याची सवय आयांनी सोडू नये.

तिसरी गोठ्यातील चावरी माशी, स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स. पाठीवरून पाहता ही थेट घरमाशी वाटते. बाजूने छायाचित्र घेतले, की गुपित उघडे पडते : हिचे तोंड सुईसारखे ताठ असून डोक्याच्या पुढे आलेले दिसते. हिच्या उदरावर काळे ठिपके असतात, व पंखातील ती शीर कोनात न वळता हळुवार वळते. नर व मादी दोघेही रक्त पितात. गाईम्हशी सारखे पाय आपटू लागल्या, तर ही माशी आहे असा संशय घ्यावा. शेणामूत्राने भिजलेल्या कुजक्या गवतपेंढ्यात ही वाढते. म्हणून गोठ्यातील ओला पेंढा काढून टाकणे हाच हिच्यावरील मुख्य उपाय होय.

चौथी मांसमाशी, म्हणजे सारकोफागा व तिचे आप्त. ही अंमळ मोठी असते. वक्षावर तीन काळे पट्टे, आणि उदरावर सोंगट्यांच्या पटासारखी करडी-काळी चौकट. हिची मादी अंडी घालण्याऐवजी जिवंत अळ्याच ठेवते, त्यामुळे उघडे राहिलेले मांस अथवा मासळी पाहता पाहता किडते.

येणेप्रमाणे पाठीवरील पट्टे मोजले, तर दोन, तीन व चार ह्या आकड्यांनीच पुष्कळसे काम भागते. चावऱ्या माशीसाठी मात्र बाजूचे चित्र हवेच. ह्यांखेरीज मासळीबाजारात चकाकणारी हिरवी-निळी, मोठ्या तांबड्या डोळ्यांची माशी दिसते, ती क्रायसोमिया मेगासेफाला. तिचा धातूसारखा चमकदार रंग पाहिल्यावर घरमाशीचा घोटाळा उरत नाही.

फळमाश्या

फळांच्या टोपलीभोवती जी इवलीशी, तांबड्या डोळ्यांची चिलटे घिरट्या घालतात, त्यांस काहीजण फळमाशी म्हणतात. ती ड्रोसोफिला होय. प्रयोगशाळेत आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी तिचा फार उपयोग झाला, आणि त्या अभ्यासाबद्दल टी. एच. मॉर्गन ह्यांस 1933 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या येथील सामान्य ड्रोसोफिला बहुधा पिकून आंबू लागलेल्या फळावर येते. आंब्याचा खरा शत्रू तिच्याहून बराच मोठा, जवळजवळ घरमाशीएवढा असतो. त्याची मादी धडधाकट फळाच्या सालीस टोचून आत अंडी घालते. अळ्या गर खाऊन वाढतात, मग फळाबाहेर पडून जमिनीत शिरतात व तेथे कोष करतात. वरून चांगला दिसणारा आंबा कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात, ते काम हिचे.

आपल्या भागात आढळणाऱ्या चार फळमाश्यांची लक्षणे खाली देतो. चौघींच्याही वक्षाच्या दोन्ही कडांस पिवळे पट्टे असतात, आणि पाठीच्या शेवटी पिवळी त्रिकोणी ढाल असते. भेद पुढीलप्रमाणे :

1. बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. वक्षाची पाठ बहुधा काळी. पंखाच्या पुढील कडेने एक अरुंद काळसर पट्टी टोकापर्यंत अखंड जाते. उदरावर काळी खूण असते. तिचा आकार इंग्रजी 'टी' अक्षरासारखा. चेहऱ्यावर दोन वेगळे काळे ठिपके. आंबा, पेरू व इतर अनेक फळांवर ही पडते.

2. बॅक्ट्रोसेरा झोनाटा. वक्षाची पाठ तांबूस-तपकिरी. पंखाच्या कडेची पट्टी अखंड नसते. टोकाजवळ मात्र एक सुटा तपकिरी ठिपका दिसतो. हीदेखील आंबा व पेरू ह्यांवर पडते.

3. बॅक्ट्रोसेरा करेक्टा. हिची पाठ पहिलीसारखी काळी, पण पंख दुसरीसारखा, म्हणजे तुटक पट्टी व टोकास ठिपका असलेला. चेहऱ्यावरील दोन ठिपके आडवे पसरून जवळजवळ एकमेकांस मिळतात. ही पेरूवर विशेष आढळते.

4. झ्यूगोडाकस कुकुर्बिटी. काकडी, कारली, दुधी, पडवळ इत्यादी वेलभाज्यांची माशी. रंग तांबूस-पिवळा. कडेच्या दोन पिवळ्या पट्ट्यांखेरीज पाठीच्या मध्यभागी तिसरा पिवळा पट्टा असतो. पंखाच्या कडेची पट्टी रुंद असून टोकाशी आणखी पसरते, आणि पंखावर एक तिरपा काळसर पट्टा दिसतो.

पहिल्या तिघींचा घोटाळा वारंवार होतो. केवळ पाठीचा रंग पाहिला, तर पहिली व तिसरी एक वाटतील. केवळ पंख पाहिला, तर दुसरी व तिसरी एक वाटतील. पाठ, पंख व चेहरा ही तिन्ही चित्रे एकत्र ठेवली, म्हणजेच निवाडा होतो. एका साक्षीदाराच्या शब्दावर न्यायाधीश निकाल देत नाही. आपणही एका खुणेवर देऊ नये. तसेच माशी कोणत्या फळावर सापडली, ही माहिती उपयुक्त असली तरी तो पुरावा नव्हे. कारल्याच्या पानावर विसावलेली माशी आंब्याचीही असू शकते.

सापळ्याची साक्ष

बिहारातील पुसा येथील संशोधन संस्थेत एफ. एम. हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास दूर ठेवण्यासाठी लोक सिट्रोनेला तेल वापरीत. त्या तेलाच्या वासाने फळमाश्या गोळा होतात, आणि त्या सर्व नर असतात, असे त्यांस आढळले. 1912 साली त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली, आणि 1915 साली मिथिल युजेनॉल ह्या द्रव्याकडे नर आकर्षित होतात असे दाखविले. आज आंब्याच्या बागेत टांगलेल्या सापळ्यांत हेच द्रव्य असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा कोकणातील बागाइतदारांच्या परिचयाचा आहे.

परंतु येथेच ओळखीचे महत्त्व कळून येते. मिथिल युजेनॉलाकडे वर सांगितलेल्या पहिल्या तीन जातींचे नर येतात. वेलभाज्यांची माशी त्यास भुलत नाही. तिच्यासाठी 'क्यू ल्युर' नावाचे दुसरे द्रव्य लागते. समजा, एखाद्या शेतकऱ्याने आंब्याच्या बागेतील सापळा आणून कारल्याच्या मांडवात टांगला. सापळ्यात दोनचार दिवस फारसे काही पडले नाही, म्हणून 'आपल्या मांडवात माशी नाही' असे समजून तो स्वस्थ बसला. तिकडे माद्या कोवळ्या कारल्यांस टोचीत राहिल्या, आणि तोडणीच्या वेळी निम्मी कारली वाकडी व किडकी निघाली. सापळा निर्दोष होता, शेतकरी मेहनती होता. माशीचे नाव तेवढे चुकले.

सापळ्याखेरीज सर्वच जातींवर चालणारे साधे उपाय आहेत : गळलेली व किडकी फळे रोज वेचून खोल पुरून टाकावीत, झाडाखालची माती हलवून कोष उघडे पाडावेत, आणि शक्य तेथे फळांस कागदी पिशव्या घालाव्यात. निर्यातीच्या आंब्यावर अधिक काटेकोर प्रक्रिया होते. युरोपास जाणारे आंबे 48 अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात 60 मिनिटे ठेवण्याची पद्धत आहे. अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यांवर 2007 साली लासलगावच्या केंद्रात 400 ग्रे इतक्या मात्रेचे किरण सोडण्यास आरंभ झाला.

छायाचित्राची मर्यादा

इतके वाचून कोणास वाटेल, की खुणांची यादी पाठ केली म्हणजे प्रत्येक माशीचे नाव सांगता येईल. तसे नाही. मांसमाश्यांच्या कित्येक जाती अशा आहेत, की नराचे उदर उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याखेरीज तज्ज्ञासही जात सांगता येत नाही. अशा वेळी 'सारकोफागा वंशातील माशी' एवढेच लिहून थांबावे. कुल कळले तर कुल लिहावे, वंश कळला तर वंश. ज्या पायरीपर्यंत पुरावा आहे त्याच पायरीवर उभे राहावे.

तज्ज्ञांचा मतभेदही होतो. 2003 साली केनियात आंब्यावर एक नवी फळमाशी आढळली. 2005 साली ती स्वतंत्र जात मानून तिला बॅक्ट्रोसेरा इनव्हेडन्स असे नाव देण्यात आले. तत्पूर्वी 1994 साली आग्नेय आशियातील अशाच माश्यांस पपायी व फिलिपिनेन्सिस अशी वेगळी नावे मिळाली होती. पुढे शरीररचना, आनुवंशिक द्रव्य, परस्परांतील संकर व नरांचे गंध ह्या सर्व बाजूंनी तपासणी झाली, आणि 2015 साली असे ठरले, की ह्या तिन्ही माश्या वेगळ्या नसून आपल्या परिचयाची डॉर्सॅलिसच आहेत. दोन भिन्न माश्यांस एक समजणे ही जशी चूक, तशीच एका माशीच्या निरनिराळ्या रंगछटांस भिन्न जाती समजणे हीही चूक. शास्त्रज्ञांनी पुराव्यापुढे मान तुकविली व नावे मागे घेतली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी मनात ठेवण्याजोगी आहे.

हल्ली छायाचित्र दाखविले असता क्षणात नाव सुचविणारी साधने मोबाइलवर मिळतात. त्यांचा उपयोग अवश्य करावा. पण ती पूर्वी शिकविलेल्या चित्रांशी तुलना करून सर्वांत जवळचे नाव पुढे करतात, हे विसरू नये. तुमच्या चित्रात चेहरा आला नसेल, तर चेहऱ्यावरील ठिपके त्यांसही दिसत नाहीत. साधनाने नाव सुचवावे. लक्षणे जुळतात किंवा नाही, हे आपण तपासावे.

छायाचित्र कसे घ्यावे?

1. एका माशीची निदान चार चित्रे घ्यावीत : पाठीवरून, बाजूने, समोरून चेहऱ्याचे, आणि पसरलेल्या पंखाचे.

2. उजेड दिवसाचा असावा, पण कडक ऊन नसावे. उन्हात पाठ चकाकते व पट्टे पुसट दिसतात.

3. मेलेली अथवा सापळ्यात सापडलेली माशी पांढऱ्या कागदावर ठेवावी, व शेजारी मोजपट्टी अथवा आलेखाचा कागद असावा. म्हणजे आकार कळतो.

4. जिवंत माशी बाटलीत घालून काही मिनिटे शीतकपाटात ठेवल्यास मंद होते, आणि चित्र घेतल्यावर तिला सोडून देता येते. घोडमाशीच्या डोळ्यांवरील रंगीत पट्टे मेल्यानंतर फिके पडतात, म्हणून तिचे चित्र जिवंतपणीच घ्यावे.

5. चित्राचा रंग अथवा तेज मागाहून बदलू नये.

6. तारीख, वेळ, ठिकाण, आणि माशी कशावर बसली होती, ह्याची नोंद त्याच दिवशी वहीत करावी. नोंद नसलेले चित्र अभ्यासाच्या कामी अर्धेच उपयोगी.

7. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

सुटीतील अभ्यास

पुढील सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने तीन ठिकाणच्या माश्यांची छायाचित्रे घ्यावीत : एक घरातील अथवा मंडईतील, एक गोठ्यातील, आणि एक फुलावरील किंवा फळावरील. ज्यांचे आजोळ पडघ्याकडे अथवा वज्रेश्वरीकडे आहे, त्यांस गोठा व कारल्याचा मांडव शोधावा लागणार नाही. जे यंत्रमागांच्या वस्तीत राहतात, त्यांस मंडई जवळ आहे. प्रत्येक चित्राखाली आधी दिसलेली लक्षणे लिहावीत व मग नाव लिहावे. नाव आधी ठरवून लक्षणे मागाहून शोधू नयेत. 'चार पट्टे, मऊ तोंड, शीर कोनात वळलेली. म्हणून घरमाशी' अशी नोंद असावी. आणि लक्षणे अपुरी असतील, तर 'जात निश्चित करता आली नाही, कारण चेहरा दिसत नाही' असे निःसंकोच लिहावे. अशा उत्तरास पूर्ण गुण मिळतील. अंदाजाने दिलेल्या सुंदर लॅटिन नावास मिळणार नाहीत.

पालकांस एक विनंती आहे. मुलगा अथवा मुलगी माशीचे चित्र घेताना दिसली, तर 'हा काय घाणेरडा उद्योग!' असे म्हणून तिला उठवू नये. तिच्या शेजारी बसावे व पाठीवर किती पट्टे आहेत ते दोघांनी मिळून मोजावेत. ज्यांची शेती आहे अशा पालकांनी आपल्या सापळ्यात कोणते द्रव्य आहे व त्यात पडलेल्या माश्यांच्या पंखांवर कोणती खूण आहे, हे मुलांस दाखवावे. ह्यात मुलांचा अभ्यास होईल व शेताचीही राखण होईल.

पवित्र शास्त्रातील उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने सर्व प्राणी आदामापुढे आणिले व त्याने त्यांस नावे दिली, अशी कथा आहे. नाव देण्यापूर्वी ते त्याच्यापुढे आणिले गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आधी पाहणे, मग नाव, हा क्रम तेथेही आहे. उत्पन्नकर्त्याने घरमाशीच्या पंखातही जी शीर नेमून दिली आहे, ती लक्षपूर्वक पाहण्याची सवय ज्यास लागली, तो पुढे मनुष्यांविषयी व वार्तांविषयी मत बनवितानाही पुरेशा खुणा पाहिल्यावाचून घाई करणार नाही, अशी आशा आहे. तुमच्या वह्या शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात पाहण्यात येतील.